नाववाल्या जोडप्याचं लग्न: बेळगाव-खानापूरकडच्या नवख्यांसाठी

शीडनौका चालवणाऱ्या दोघांचं लग्न ठरलं की त्यांच्या नाववाल्या मित्रांना एकच सुचतं: लग्न बोटीवरच लावू. हे वाक्य बेळगावातल्या एखाद्या घरात बोलून बघा. आज्जी तोंडाला पदर लावतात, मामा विचारतात, "भटजींना पोहायला येतंय काय?" आणि आत्या थेट कार्यालयाचं बुकिंग करून मोकळ्या होतात. मित्र रुसतात, घरचे ताठरतात, आणि मधल्या मध्ये जोडप्याची ओढाताण होते.

यातून सुटायचा सोपा रस्ता आहे. लग्न जमिनीवर लावा आणि पाण्यावर केळवण करा. आपल्याकडे लग्नाआधी नातेवाईक नवऱ्या मुलाला, नवऱ्या मुलीला जेवायला बोलावतातच. तसंच हे नाववाल्यांच्या घरचं केळवण. फक्त त्यांचं घर तरंगतं, एवढंच. असं सांगितलं की कुणाचा विधी मोडत नाही, कुणाचा मान जात नाही, आणि मामासुद्धा "बघून येऊ की एकदा" म्हणतात.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्यांनी नुकतीच गोवा-कारवारच्या पाण्यात नाव ठेवली आहे आणि मित्राच्या केळवणाची जबाबदारी अंगावर घेतली आहे. दोन, ज्यांनी घाटाखालचं पाणी फक्त बीचवरून पाहिलंय आणि आता वऱ्हाडी म्हणून नावेत चढायचंय.

आधी कागद, मग पाणी

बोटीचा कॅप्टन लग्न लावतो, ही सिनेमातली गोष्ट आहे. आपल्याकडे कॅप्टनला असा काही अधिकार नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार रीतीप्रमाणे विधी व्हावे लागतात, आणि सप्तपदी ज्यांच्या रीतीत आहे त्यांचं लग्न सातव्या पावलाला पूर्ण होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बजावलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं लग्न होत नाही. आता दहा मीटरच्या नावेत, खाली इंजिनात इंधन असताना, होम पेटवून सात पावलं चालायची म्हणजे काय होईल ते वेगळं सांगायला नको. सप्तपदी कार्यालयातच होऊ द्या.

नोंदणीही बेळगावकडेच करा. कर्नाटकात विवाहनोंदणीचा 1976 चा कायदा आहे आणि काम उपनिबंधक कार्यालयात होतं. कन्नड अर्जात नाव-आडनाव आधार कार्डावरच्यासारखंच उतरलंय ना, हे नवरा-नवरीनं स्वतः वाचावं. कन्नड वाचता येत नसेल तर वाचणारा मित्र धरून न्यावा, नंतर पासपोर्टच्या वेळी एकेका अक्षरासाठी खेटे पडतात. जोडप्याला 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते आणि तीन साक्षीदार लागतात. नोटीस ज्या जिल्ह्यात द्यायची तिथे दोघांपैकी एकाचा निदान 30 दिवस मुक्काम असावा लागतो. गोव्यात लग्नाचे नियम पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यातून आलेले आहेत आणि नोंदणीची रीतही वेगळी आहे. केवळ फोटोसाठी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

तारीख: पंचांग घ्या, पण वेगळ्या कामाला

लग्नाचा मुहूर्त भटजी काढतील. केळवणाची तारीख मात्र समुद्र ठरवतो. गंमत म्हणजे दोघांचं बरंच जुळतं. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी चातुर्मासात आपल्याकडे लग्नं नसतात, आणि साधारण त्याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी समुद्र असतो. यांत्रिक मासेमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्रावर नारळ वाहतात, तरी आपल्यासारख्या हौशींनी घाई करू नये. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या नावा आणि आपले मुहूर्त दोन्ही मोकळे होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. पौषात लग्न नको असं बऱ्याच घरांत मानतात, पण केळवणाला त्याची आडकाठी नाही. आज्जींना एकदा विचारून घ्या. मेचा दुसरा पंधरवडा टाळाच. दुपारी वळवाचे ढग चढतात आणि लाटही जडावते.

महिना ठरला की तिथी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पंचमीला पावणेचार. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. मात्र हा अंदाज आहे. गोवा-कारवारकडे तासभराचा फरक पडतो, शिवाय दिवसातल्या दोन भरत्या सारख्या चढत नाहीत. म्हणून शेवटी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. पण घरी चहाला बसून तारखा चाळताना पंचांगावर भागतं, आणि पंचांगातली तिथी नावेच्या कामाला लागते हे बघून घरच्यांचा अर्धा विरोध गळतो.

मी पंचमी सुचवतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, नदीच्या मुखाशी प्रवाह जोरात धावतो, नवख्याची दमछाक होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी संथ. पंचमी मधली. तिचा मुख्य फायदा असा की भर दुपारी पाणी चढत असतं. पणजीची मांडवी असो वा कारवारची काळी नदी, मुखाशी वाळूचे पट्टे असतात. चढत्या पाण्यात नाव टेकली तर थोड्या वेळात पाणीच ती उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच, आणि वऱ्हाडही तिथेच. चतुर्थीलाही हेच गणित जमतं, पण ती रिक्ता, म्हणजे शुभकार्याला टाळतात ती तिथी, शिवाय वद्य पक्षात संकष्टी. अर्ध्या पाहुण्यांचा उपास असेल तर केळवण कशाचं?

आणि वारा. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. बाराच्या पुढे समुद्रावरून, वायव्येकडून, खारा वारा सुरू होतो, तीन-चारला भरात येतो आणि सूर्यास्ताला शांत होतो. यातच दिवसाचं वेळापत्रक आहे. सकाळी आठ ते अकरा नांगरलेल्या नावांवर केळवण, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर शिडं भरून वरात. उलटं करू नका. दुपारी तीनला एकमेकींना बांधलेल्या नावा आणि सकाळी अकराला लोंबणारी शिडं, दोन्ही बघवत नाहीत.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघा. आणि पर्यायी तारीख आधीच ठरवून ठेवा. रद्द करायला जीभ रेटत नाही म्हणून लोक निघतात, आणि अपघात अशाच दिवशी होतात.

जागा

बेळगावजवळच काही होईल का, हे सगळेच विचारतात. राकसकोपचा जलाशय म्हणजे बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी, तिथे नावेचा विषयही काढू नका. हिडकलसारख्या धरणाच्या जलाशयात उतरायचं तर पाटबंधारेवाल्यांची लेखी परवानगी हवी. चिक्कोडी-रायबागकडे कृष्णाकाठच्या नावाड्यांकडून नाव बांधणं, दोर टाकणं शिकून घ्या. पुराच्या पाण्यात माणसं काढलेली ती माणसं आहेत. पण शिडांची वरात काढायला मोकळं पाणी लागतं.

म्हणजे घाट उतरणं आलं. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरलात की साखळीमार्गे पणजी. रामनगर-जोयड्यावरून अणशी घाट उतरून कद्र्यामार्गे कारवार. चंदगड-आंबोलीवरून उतरलात तर वेंगुर्ला-मालवण. शनिवार-रविवार धरून करायचं तर मांडवी सोयीची. ही नदी आपल्याच खानापूर तालुक्यातल्या डोंगरात म्हादई म्हणून उगम पावते. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्या नौदलाच्या शीडनौकेचं नाव 'म्हादई' होतं. खानापूरच्या पाहुण्यांना हे सांगा. मग नदी कुणाची हा प्रश्न पडत नाही, आणि मुलीकडची मंडळी जरा ताठ बसतात.

मांडवीत कॅसिनोची जहाजं, पर्यटकांच्या फेरीबोटी, बार्जेस यांची वर्दळ असते. मधल्या खोल वाटेत नांगर टाकायचा नाही. डोलकाठी पुलाखालून जाते का हे मोजून ठेवा, अंदाजावर जाऊ नका. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याला आणि कारवारला कर्नाटक मेरिटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयाला आधी कळवा. किती नावा, किती माणसं, किती वाजता, कुठे. नावांची नोंदणी आणि विमा यांची मुदत त्याच वेळी तपासून घ्या. कारवारला नौदलाचा तळ आहे आणि दाबोळीचा विमानतळही नौदलाचाच, त्यामुळे फोटोग्राफरला ड्रोन उडवायचा असेल तर हवाई क्षेत्राचा नकाशा बघून रीतसर परवानगी काढायला सांगा. "दोन मिनिटं उडवतो की दादा" हे चालत नाही.

वऱ्हाड: कोण चढणार, कोण काठावर

पहाटे बेळगावहून निघून चोर्ला उतरून थेट नावेत, असा बेत कधीही करू नका. त्या वळणांवर अर्धं वऱ्हाड आधीच गळतं, उरलेलं नावेत. आदल्या रात्री खाली मुक्काम करा. समुद्र लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, ओकारी आल्यावर नाही. सकाळी हलकं खायचं. खिशात आलेपाक ठेवा. मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, दूर क्षितिजाकडे बघायचं. आत केबिनमध्ये जाऊन पडलं की बरं वाटेल असं वाटतं, पण तिथे जास्तच लागतं.

नऊ-दहा मीटरच्या शीडनौकेत सहा-सात माणसं म्हणजे भरपूर. नावेच्या पाटीवर क्षमता लिहिलेली असते, तिच्यापुढे एकही नाही, मग तो नवऱ्याचा सख्खा मावसभाऊ का असेना. जीवनरक्षक जॅकेट प्रत्येकाला, मुलांना मुलांच्या मापाचं, आणि ते अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. पैठणीवर नारंगी जॅकेट दिसतं कसं, हा प्रश्न येणारच. त्यावर एका आत्याबाईंनी दिलेलं उत्तर मला अजून आवडतं: "पैठणी मिळंल गं दुसरी." बाकी कुणाला काही बोलायला लागलं नाही.

कपड्यांचं म्हणाल तर नावेवर सगळ्यात शहाणा पोशाख नऊवारी. काष्टा घातलेला, पाय मोकळे, पदर खोचलेला. घोळदार लेहंगा आणि जमिनीवर लोळणारी ओढणी दोरांत, कप्प्यांत, खुंट्यांत अडकते. मुंडावळ्या पाण्यावर नकोत. चपला-हिल्स काठावर काढा, पण अनवाणीही चढू नका. डेकवर दोर बांधायच्या धातूच्या खुंट्या असतात आणि पायाची करंगळी नेमकी त्यांनाच सापडते. फिकट तळाचे कॅनव्हासचे बूट उत्तम.

चढताना एकेक जण. हातात पिशवी नको, ती नंतर कुणीतरी देईल. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांना पकडा, कडेच्या बारीक कठड्याला नको. चढल्यावर बसा. शिडाच्या खालचा आडवा दांडा, बूम, वळण घेताना एका बाजूची दुसऱ्या बाजूला झपकन जातो; "डोकं खाली" अशी हाक आली की वर बघायचं नाही, खाली वाकायचं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी काठावर मांडव, खुर्च्या आणि दुर्बीण ठेवा. दुर्बीण विसरू नका. काठावर बसलेल्या आज्ज्या तिच्यावरून भांडतात आणि सगळा कार्यक्रम नावेतल्यांपेक्षा नीट बघतात.

पताका

नाववाल्यांची सजावट म्हणजे संकेतध्वज. आंतरराष्ट्रीय संचात 40 असतात: इंग्रजी अक्षरांचे 26, अंकांचे 10, तीन पर्यायी आणि एक उत्तराचा. नावेच्या पुढच्या टोकापासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत आणि तिथून मागच्या टोकापर्यंत ते ओवायचे. दोन चौकोनी, एक निमुळता, पुन्हा दोन चौकोनी, असा क्रम छान दिसतो. विकत महाग पडतात. शहापूर-वडगावला कापडाची आणि शिवणाऱ्यांची वाण नाही. लाल, निळं, पिवळं, काळं, पांढरं नायलॉनचं कापड देऊन शिवून घेतलेले आमच्याकडचे ध्वज अजून टिकून आहेत. सुती नको, भिजून लोंबतं.

नवरा-नवरीची नावं ध्वजांतून लिहायची हौस प्रत्येकाला असते. नावेवर लिहू नका, कारण या ध्वजांना आणि त्यांच्या जोड्यांना अर्थ आहेत. एन वर आणि सी खाली, हा तर संकटात असल्याचा इशारा. नावं लिहायची असतील तर काठावरच्या मांडवात लिहा. राष्ट्रध्वजाचं तोरण करायचं नाही, 2002 च्या ध्वजसंहितेत तशी मनाई आहे. आणि ही सगळी सजावट नांगरलेल्या नावेवरच. वरात निघण्याआधी उतरवून पिशवीत भरायची.

झेंडूची तोरणं जरूर लावा, पण सुती दोऱ्यात ओवलेली. बाजारात मिळणारी नायलॉनच्या दोऱ्याची असतात. तुटून पाण्यात पडली की इंजिनाच्या पंख्याला गुंडाळतात आणि कुणाला तरी सुरी घेऊन खाली बुडी मारावी लागते. फुगे, चमकीचे कागद, थर्माकोल यांपैकी काही नको.

नावा एकमेकींना बांधणं

खरं कौशल्य इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

तीन नावा पुरेत. पाचच्या पुढे तर नकोच, हट्ट झाला तर दोन गट करा. सगळ्यात वजनदार नाव आधी येऊन नांगर टाकते, ती मधली. तिचा मालक त्या दिवशी यजमान नाही, जेवणं वाढायला नाही, फोटोला नाही. त्याचं लक्ष नांगरावर. साखळी किती सोडायची त्याचा हिशेब असा: पाणी 4 मीटर, नावेचं पुढचं टोक पाण्यापासून 1 मीटर वर, भरतीनं अजून 1 मीटर चढणार, बेरीज 6. एकट्या नावेला पाचपट म्हणजे 30 मीटर चालते. तीन नावा एकाच नांगरावर असतील तर सातपट, 42 मीटर. साखळी सोडल्यावर इंजिन मागे टाकून नांगर रुतलाय का बघा, काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून दहा मिनिटं निरखा, मगच दुसऱ्या नावेला बोलवा. नांगरलेल्या नावेनं दिवसा पुढच्या बाजूला काळा गोळा वर चढवायचा असतो.

दुसरी नाव संथ गतीनं, वाऱ्याच्या तोंडावर, समांतर येते. तिच्या दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे नावा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून लावायचे फुगीर गोळे, आधीच लटकलेले हवेत. फेंडर कमी पडले तर जुने टायर चालतात, पण त्यांना गोणपाट गुंडाळा, नाहीतर पांढऱ्या रंगावर काळे पट्टे उठतात. पहिला दोर पुढच्या टोकाला, दुसरा मागच्या, मग दोन तिरके, जे नावांना पुढेमागे घसरू देत नाहीत. हे तिरके दोर नवखे लोक विसरतात आणि मग नावा दिवसभर एकमेकींना घासत बसतात.

आता वर बघा. दोन्ही डोलकाठ्या शेजारीशेजारी आल्या आहेत का? आल्या असतील तर एक नाव हातभर पुढे किंवा मागे घ्या. एखादी फेरीबोट जवळून गेली की दोन्ही नावा विरुद्ध बाजूंना डुलतात, आणि वरचे आडवे दांडे एकमेकांना आपटतात. तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा कुणी विसरत नाही.

जोडप्याची नाव मध्ये हवी असं फोटोग्राफर म्हणेल. ती कडेला ठेवा. वरातीला तीच आधी सुटणार आहे.

नावांच्या मधल्या फटीत हात किंवा पाय कधीच घालायचा नाही. नाव जवळ येतेय म्हणून हातानं ढकलायला जाणारा पाहुणा प्रत्येक वऱ्हाडात एक असतो. कित्येक टन वजन हातानं थांबत नाही. मुलांना हे काठावरच सांगा, मोठ्यांना पुन्हा सांगा. आणि वारा फिरला, लाट वाढली किंवा नांगर सरकला तर जेवण अर्ध्यावर टाकून नावा सोडायच्या. कोण कुठला दोर सोडणार हे बांधतानाच ठरलेलं असावं.

हळद, अक्षता, मांडे

औक्षण काठावर, नावेत चढण्याआधी. नावेत निरांजन वाऱ्यावर टिकत नाही, आणि इंधनाच्या वासाजवळ ज्योत नकोच. नावेची पूजा मात्र करा: हळद-कुंकू, एक फूल, आणि पाण्यात वाहायला नारळ, प्लॅस्टिकशिवाय.

हळदीचा हात पांढऱ्या फायबरच्या डेकला लागला तर घाबरू नका, साबणानं पुसा, राहिलेला डाग उन्हात उडून जातो. सागवानी फळीत मात्र मुरतो. कुंकू शिडाला लागलं तर लागलंच. अक्षतांची गोष्ट वेगळी. दिसायला निरुपद्रवी, पण बसायच्या खोलगट जागेत पाणी निघून जायला भोकं असतात, तिथे तांदूळ जाऊन बसतो, भिजतो, फुगतो आणि भोक बुजतं. तळातल्या पंपात गेला तर पंपच बसतो. आठवड्यानं वास सुटतो तो वेगळा. तरी मावशीला अक्षता टाकायच्याच असतील तर आधी जुनी सतरंजी अंथरा, कुंकू न लावलेले तांदूळ द्या, आणि सतरंजी चार कोपऱ्यांनी उचलून काठावर झटका.

जेवण घरून. नावेत शिजवायचं काही नाही. बेळगावकडचं लग्न म्हटलं की मांडे आलेच, आणि मांड्यांचा वैरी म्हणजे खारी हवा. पालथ्या कढईवर भाजलेला, आत खवा-साखर-खसखस भरून रुमालासारखा घडी घातलेला मांडा बेळगावच्या थंडीत दिवसचे दिवस कुरकुरीत राहतो. समुद्रावर डबा उघडा राहिला तर थोड्याच वेळात चामट होतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून, खच्चून न भरता न्या. एक डबा उघडायचा, संपवायचा, मग दुसरा. दुधात कुस्करून खाणाऱ्यांनी काठावर खावं. कुंद्याला काही होत नाही, फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून डब्यात घाला. गोकाकचा करदंट सुकाणू धरणाऱ्याच्या खिशात, त्याला जेवायला वेळ मिळत नाही. मासे खाणाऱ्यांनी संध्याकाळपर्यंत थांबावं, काठावर उतरल्यावर पोटभर.

दारू सुकाणू आणि नांगर सांभाळणाऱ्यांना पूर्ण बंद, इतरांनाही किनाऱ्यावर परतल्यावरच. या मुद्द्यावर मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ नावेत घेत नाही.

आवाज

बेंजो आणि फटाके पाण्यावर नेऊ नका. नाववाले भोंगे वाजवून मानवंदना देतात, ती छान वाटते, पण नांगरलेले असताना, ठरवून, एकदाच. भोंग्याचीही भाषा आहे. एक आखूड म्हणजे मी उजवीकडे वळतोय, पाच आखूड म्हणजे तुझं काय चाललंय ते कळत नाही, आणि सतत वाजवत राहणं म्हणजे मदत हवी. मुदत संपलेले लाल अग्निबाण किंवा नारंगी धूर आतषबाजी म्हणून उडवायची कल्पना कुणीतरी काढतंच. ते संकटाचे इशारे आहेत. उडवलेत तर तटरक्षक दलाची नाव खरोखर निघेल. रेडिओवर वाहिनी 16 हाक मारायला आणि संकटासाठी, अभिनंदनाची भाषणं ठरवलेल्या दुसऱ्या वाहिनीवर. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

वरातीत जोडप्याची नाव पुढे, बाकीच्या तिच्या मागे, मध्ये दोन-तीन नावांच्या लांबीइतकं अंतर राखून. शिडं पहिल्यांदा भरली की वऱ्हाडी आपोआप गप्प होतात. तेवढा वेळ कुणी सूचना देऊ नये.

खर्च आणि आहेर

इंधन, बंदराची फी, जॅकेटचं भाडं, मांडव हे नाववाल्यांनी सारखं वाटून घ्यायचं. केळवण आहे, जोडप्याकडून पैसे घ्यायचे नसतात. घरच्यांनी देऊ केलेच तर मांड्यांचा खर्च त्यांच्यावर टाका, त्यांनाही बरं वाटतं. परतल्यावर नावा गोड्या पाण्यानं धुवायला निदान चार जण थांबले पाहिजेत. नावं आधीच लिहून ठेवा, नाहीतर सगळ्यांना घाट चढायची घाई होते.

आहेरात काचेचा डिनर सेट नको, पहिल्याच लाटेत फुटतो. चांगला दोर, डोक्याला लावायचा दिवा, खिशातला स्टेनलेसचा चाकू, दोघांच्या मापाची जॅकेटं, जलरोधक पिशवी, किंवा सगळ्यांनी मिळून एक नवी साखळी. यादी एकाच माणसाकडे द्या म्हणजे तीन चाकू येणार नाहीत. मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ यांची काळजी करू नका, ते कार्यालयात येतातच.